दाराखालची प्लास्टरची पट्टी

तिला सगळे दातवाली म्हणायचे. तिचे दात पुढे होते म्हणून नाही हां, ती दात बनवायची म्हणून! दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवायचे, ही त्यात प्लास्टर ओतायची, मेणाची हिरडी करायची आणि एकेक दात लावून कवळी उभी करायची. त्यामुळे दिवसभर पांढरीफटक. केसांत प्लास्टर, भुवयांवर प्लास्टर, डबा उघडला तरी झाकणावर प्लास्टर.

तर या दातवालीने समुद्रापाशी खोली घेतली. पहिल्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकापुरती जागा आणि, आता नीट ऐका, बाल्कनी! समोर नुसता समुद्र. आई गावाहून म्हणत होती, "एकटी राहू नकोस गं, मावसबहिणीकडे राहा." पण बाल्कनी बघितली आणि ही विरघळली. आईला कबूल करून टाकलं, दर रविवारी फोनवर समुद्र दाखवीन. आईचा विरोध तिथेच निम्मा झाला. उरलेला निम्मा म्हणजे, "जरा काही वेडंवाकडं झालं की सामान बांधायचं आणि घरी यायचं. कळलं?"

कळलं. म्हणून तर पुढचं सगळं तिने आईपासून लपवलं.

खाली घरमालक काका एकटेच राहायचे. बोटीवर इंजिनाचं काम करून रिटायर झालेले, गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. बाल्कनीच्या बरोब्बर खाली त्यांचं एवढंसं अंगण, त्यात वेताची खुर्ची, खुर्चीशेजारी रेडिओ. जेवण झालं की काका तिथे, ते थेट दिवेलागणीपर्यंत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं, "एक चावी माझ्याकडे राहणार. आपला नियम आहे." तिने मान डोलावली, पण ती चावी तिच्या डोक्यात रुतून बसली ती बसलीच.

दोन महिने मस्त गेले. मग एके दिवशी कामावरून आली, तर बाल्कनीच्या दाराची कडी निघेना. सकाळी लोण्यासारखी सरकलेली कडी! दोन्ही हातांनी ओढली तेव्हा निघाली. दुसऱ्या दिवशी दाराशी फरशीवर पांढरी पूड. तिला वाटलं, आपल्याच कपड्यांची असणार, आणखी कुठून येणार? झाडून टाकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पूड. पुन्हा झाडली. दुसरं कोणी असतं तर मान वर करून बघितलं तरी असतं! हिला पांढरं दिसलं की ते आपलंच, एवढी सवय.

आणि मग जिन्यात काका भेटले. म्हणाले, "काय गं, दुपारी काय सरकवत असतेस वर? टक् टक् वाजत असतं."

दातवाली जागच्या जागी थिजली. "काका, दुपारी मी लॅबमध्ये असते."

"मग कोण असतं?"

झालं! त्या रात्री झोप कुठली. मोरीचं दार उघडून बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं, कपाटात तर दोनदा बघितलं. रोज दुपारी आपल्या खोलीत कोणीतरी असतं. आपल्या पलंगावर बसत असेल. आपल्या कपाने पाणी पीत असेल. तिने तो कप तीनदा घासला आणि शेवटी टाकूनच दिला.

लॅबमध्ये कवळ्यांना पॉलिश करणारी एक मावशी होती. सगळं ऐकून तिने मशीन बंद केलं. "चावी कोणाकडे आहे?"

"काकांकडे."

"मग अडलंय कशावर?"

"पण त्यांनीच मला विचारलं ना, कोण असतं म्हणून!"

"अगं बावळट, आपल्यावर संशय येऊ नये म्हणून विचारतात असले लोक. माझ्या नणंदेचा शेजारी अस्साच होता." मावशीच्या नणंदेला जगातले सगळे शेजारी मिळालेले होते, पण दातवालीला ते पटलंच.

तिने काय केलं माहितीये? लॅबमधून पुडीभर प्लास्टर आणलं. सकाळी निघताना बाल्कनीच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यापासून खोलीच्या फरशीपर्यंत बोटभर पट्टी ओढली. बाहेर पडून कुलूप लावलं आणि तशीच पट्टी बाहेरच्या दाराच्या कोपऱ्यात. प्लास्टर म्हणजे वाळलं की कडक, दार केसभर हललं तरी तडकणार.

संध्याकाळी आली. बाहेरची पट्टी जशीच्या तशी. श्वास सोडला, आत गेली, आणि बाल्कनीची पट्टी मधोमध तडकलेली!

म्हणजे चावीने नाही, बाल्कनीतून येतो! आणि बाल्कनीखाली अंगण कोणाचं? ती तडक खाली गेली.

"काका, तुम्ही माझ्या खोलीत येता का?"

काकांनी रेडिओ बारीक केला. "काय म्हणालीस?"

"पाइपवरून चढून. बाल्कनीतून. माझ्याकडे पुरावा आहे."

"मी? पाइपवरून? अगं, मला संडासातून उठायला दहा मिनिटं लागतात!" मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. आत गेले, दुसरी चावी आणली आणि तिच्या पायाशी टाकली. "घे. आणि महिना संपला की दुसरी जागा बघ. चोर म्हणते मला!" अंगणाचं दार धाडकन लागलं.

आता चावी तिच्याकडे, तरी शुक्रवारी पट्टी तडकली. शनिवारी तडकली. रविवारी मात्र सुट्टी होती. तिने सकाळीच नवी पट्टी ओढली, बाल्कनीच्या दाराला आतून कुलूप घातलं, पलंग भिंतीला सरकवला आणि प्लास्टर कालवायची सुरी हातात धरून दारासमोर बसली. येऊ दे मेल्याला! जेवण नाही, चहा नाही. खालून काकांचा रेडिओ सुरू झाला, म्हणजे काका खुर्चीत बसले. तिने सुरी घट्ट धरली. म्हणजे आता येणारा काका नव्हे! मग कोण?

टक्.

तिच्या डोळ्यांदेखत पट्टी तडकली. दार हललं नव्हतं. कुलूप हललं नव्हतं. दाराच्या काचेतून बघितलं, बाल्कनीत चिटपाखरू नव्हतं.

तिच्या मनात आलं ते तुमच्याही मनात आलं असेल, आणि ती पळणारच होती. पण बघा, हात कामाचे होते ना तिचे! कवळी नीट बसली की नाही हे ती नख फिरवून बघायची, नख अडलं तर कुठेतरी उंचसखल आहे. तिने वाकून तडकलेल्या पट्टीवरून नख फिरवलं. नख अडलं. दाराकडचा तुकडा खाली गेला होता. दार उघडलं असतं तर तुकडा बाजूला सरकला असता ना? हा खाली गेला होता!

तिने दाराच्या उंबऱ्यालगत बघितलं. फरशीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रेघ होती. रेघेत सुरी घातली. सुरी गेली, गेली, मुठीपर्यंत गेली. आणि त्या फटीतून काकांचा रेडिओ इतका स्वच्छ ऐकू आला की जणू उशाशी लावलाय.

तिने मान वर केली. दाराच्या वर छताचे पोपडे सुटलेले, तांबूस ओघळ. ती पूड इथूनच पडत होती. कोणी येत नव्हतं हो! खारा वारा बाल्कनीच्या आतलं लोखंड खात होता आणि बाल्कनी रोज दुपारी उन्हात तापून केसभर खाली उतरत होती. आणि खाली काका!

ती स्वयंपाकाच्या खिडकीकडे धावली. "काका, उठा! बाल्कनी पडतेय!"

काकांनी वरही बघितलं नाही. "काल चोर, आज बाल्कनी. उद्या काय, समुद्र आत येतोय?"

"काका, पाया पडते, खुर्ची सोडा!"

त्यांनी रेडिओ मोठा केला.

खाली जावं तर अंगणाच्या दाराला आतून कडी. मागे खोलीत पुन्हा टक्, टक्. एकामागून एक! ती अशी रडकुंडीला आली आणि अचानक ओरडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, "माझी सोन्याची साखळी कुठाय? काकांनी माझी साखळी चोरली हो!"

रेडिओ बंद.

"काय म्हणालीस?"

"चोर! हिंमत असेल तर वर या!"

"थांब, येतोच." काका उठले. म्हणजे उठायला लागले. एक हात खुर्चीला, एक गुडघ्याला. मग चप्पल शोधायला लागले. मग एक पाऊल गेले आणि रेडिओ घ्यायला मागे वळले.

"बघा, बघा, पळाले!" ती किंचाळली, आवाज फाटला तिचा.

"पळतो कशाला!" रेडिओ तिथेच टाकून काका अंगणाबाहेर पडले. ती खोलीतून जिन्यात धावली. काका शिव्या देत तिसऱ्या पायरीवर पोहोचले असतील नसतील, तेवढ्यात मोठा आवाज झाला. सगळा जिना हलला आणि खालून पांढरा ढग वर आला.

ढग हळूहळू खाली बसला. मग काका खोकले. एका पायात चप्पल, केसांत, भुवयांवर पांढरी पूड.

"साखळी सापडली का?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"नव्हतीच हो, काका."

काका पायरीवर बसले. तीही शेजारी टेकली आणि तिने त्यांचे हात आपल्या हातांत धरून ठेवले. तेवढ्यात तिच्या खिशात फोन वाजला. रविवार ना! आई.

"अगं, आज उशीर झाला. दाखव बघू समुद्र!"

खोलीचं दार सताड उघडं होतं. पलीकडे बाल्कनीचं दार कुलपासकट गायब, कठडा गायब, नुसतं चौकोनी भगदाड. तिने वर दाराशी जाऊन, आत पाऊल न टाकता, फोन तिकडे फिरवला.

"अगंबाई," आई खूश होऊन म्हणाली, "आज किती जवळ दिसतोय!"