चार आणि नऊ तारखेचा गाळा

कोरियातल्या सोल शहरातली नोकरी सोडून ग्यूचोल गावाकडे शेवयांचं दुकान टाकणार होता. दलालाने त्याला गाळा दोनदा दाखवला, चार तारखेला आणि आज नऊला. दोन्ही वेळा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आता करारावर सहीऐवजी स्वतःच्या नावाचा शिक्का मारायचा तेवढा बाकी होता.

समोर शेवयांचंच जुनं दुकान होतं. तिथली मावशी म्हणाली, "घेऊ नकोस. उद्या ये, बघ, मग ठरव."

गिऱ्हाईक पळेल म्हणून हिच्या पोटात दुखतंय, त्याला वाटलं.

"उद्या कशाला? आजच उरकू!" दलाल घाईने म्हणाला.

आता ग्यूचोलला दोघांचाही संशय आला. खिशातला शिक्का चाचपत तो म्हणाला, "शिक्का घरीच राहिला."

दुसऱ्या दिवशी गल्लीत फक्त एक कुत्रं झोपलं होतं.

"तारखेच्या शेवटी चार नाहीतर नऊ असेल, तेव्हाच इथे बाजार भरतो," मावशी म्हणाली. "बाकी दिवस हे असं. माझी जागा स्वतःची, भाडं नाही, म्हणून टिकले."

"मग मला का सांगितलंत?"

"हा गाळा आधी घेतलेल्या तिघांना नाही सांगितलं. उद्घाटनाला रीतीप्रमाणे शेजारीण म्हणून मला तांदळाच्या वड्या देऊन गेले, मी खाल्ल्या. तिघेही बुडाले. चौथ्याच्या वड्या नकोत मला."

तिने शेवयांचा वाडगा पुढे सरकवला. ग्यूचोलने संशयाने आधी वास घेतला, मग शेवया खाल्ल्या.