उरलेला घोट

"या चटईला ढेकूण झालेत, पण सांगायचं कोणाला?" हौसावहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या, आणि डोळे मिटलेलेच ठेवून दोन वीत पुढं सरकल्या.

प्रार्थना चालू होती. त्यांच्या यजमानांची, बळीराम मास्तरांची प्रार्थना म्हणजे पनवेलहून निघाली की नेऱ्याच्या डोंगराला वळसा घालून परत येणार. तेवढ्या वेळात माणूस दोन वीतच काय, अख्खी खोली ओलांडेल. चटई माझी होती, घर माझं होतं, आणि आदल्याच दिवशी मी ती उन्हात घालून काठीनं झोडपली होती. ढेकूण नव्हते. हौसावहिनींच्या शेजारी सत्यवती येऊन बसली होती, एवढंच.

सत्तावन साल होतं. पनवेलात आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजून चौदा माणसं, शिवाय पोरंबाळं. देऊळ बांधण्याची ऐपत नव्हती, म्हणून दर रविवारी उपासना आमच्या पुढच्या खोलीत व्हायची. मागच्या गल्लीत बैलगाड्यांचा कारखाना होता. त्याला रविवार ठाऊक नसे, त्यामुळं आमची गीतं चाकांच्या लोखंडी धावा ठोकण्याच्या तालावर चालायची. दर दोन महिन्यांनी पाळक कमळाकरराव एस्टीनं अलिबागहून येत आणि प्रभुभोजन होई. त्याला लागणारा द्राक्षरस आम्हांला कुठला परवडायला! मी मनुका रात्रभर भिजत घालून उकळायची आणि ते पाणी गाळून प्याल्यात ओतायची. प्याला पितळेचा, आतून कल्हई केलेला आणि सगळ्यांना मिळून एकच. तो हातांतून हातांत आणि ओठांवरून ओठांवर जात शेवटपर्यंत पोचायचा.

म्हणजे आपण कुठं बसलो यावर आपल्याआधी प्याल्याला कोणाचे ओठ लागणार हे ठरायचं. दोन वर्षांत आमच्या खोलीतल्या जागा अशा काही बदलल्या होत्या की सत्यवती कुठंही बसली तरी प्रार्थना संपेपर्यंत ती शेवटची झालेली असायची. तिला कोणी 'मागं बस' म्हटलं नव्हतं. आम्ही सभ्य माणसं. आम्ही पुढं सरकायचो.

सत्यवती शिवणकाम करायची. चाळिशीची विधवा. भाड्याची एक खोली, आणि शांती नावाची सोळा वर्षांची मुलगी. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड तिनंच शिवलं होतं. ते शिवत असताना मी समोर बसले होते. तिची सुई बोटात शिरली, कापडावर रक्ताचा ठिपका उमटला, दुसरा उमटला, आणि ही आपली मला विचारतेय, "कडेला दुहेरी टाका घालू का वहिनी?" तिला काही कळलंच नव्हतं. पुढं तिच्या कोपरावरचा फिकट चट्टा सगळ्यांना दिसला. करंगळी वळायला लागली, तीही दिसली.

दिसली, पण नाव कोणी घेतलं नाही. माझे यजमान काशिराम खाजगी दवाखान्यात कंपाउंडर, ते म्हणत, "रक्त बिघडलंय." हौसावहिनी म्हणत, "उष्णता." मास्तर शिकलेले, ते म्हणत, "त्वचेचं काहीतरी." खरा शब्द आम्हांला येत नव्हता असं नाही. बाजाराच्या तोंडाशी फडकं पसरून बसणाऱ्यांकडे बघताना तो आमच्या तोंडातून सहज निघायचा. पण आपल्या माणसाला तो लावायचा म्हणजे काय? घरमालक दुसऱ्या दिवशी तिचं सामान रस्त्यावर काढेल. शांतीला ठाण्याहून मागणी आली होती, ती माणसं फिरकणार नाहीत. म्हणून आम्ही दयेपोटी गप्प होतो. पुढं मात्र भीतीपोटी सरकत होतो. दोन्ही एकाच वेळी जमतं माणसाला.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती लपवून बाकीच्यांची सांगणं बरं नव्हे. आमच्यात रीत अशी की प्याल्यात उरलेलं फेकायचं नाही. जो प्याला धुईल त्यानं ते पिऊन टाकायचं. घर माझं, तेव्हा धुणारी मी. सत्यवती पहिल्यांदा शेवटची झाली त्या रविवारी मी तो उरलेला घोट परसातल्या केळीच्या आळ्यात ओतला. त्या वर्षी केळीला भला मोठा घड आला. मी तो सगळा शेजारपाजारी वाटून टाकला, मला खाववेना. आणि पुढच्या खेपेला प्याला घासायची राख माझ्या बोटांना झोंबते असा मी शोध लावला. "प्याला कोण घासेल?" विचारल्यावर मैनाबाई उठली.

मैनाबाई नेऱ्याकडची. सरकारी दवाखान्यात आया होती. झाडायचं, पुसायचं, रोग्यांना शौचाची भांडी द्यायची, बाळंतिणीची कापडं धुवायची. लिहिता येत नव्हतं, गीतं पाठ होती पण सूर भलताच. मंडळीत तिला मान असा काही नव्हता. कामाला मात्र पहिली हाक तिलाच.

तर त्या ढेकणांच्या रविवारी प्याला नेहमीसारखा फिरला, सत्यवतीपाशी संपला, आणि मैनाबाई तो घेऊन आत गेली. मी पाणी प्यायला म्हणून मागोमाग गेले. ती मोरीपाशी पाठमोरी उभी होती. प्याल्याच्या तळाशी घोटभर पाणी होतं. तिनं डोळे मिटले आणि ते प्यायली. मग थोडं साधं पाणी ओतलं, प्याला हलवला, तेही प्यायली. पुन्हा ओतलं, पुन्हा प्यायली. ताटात शीत राहू नये म्हणून माणूस बोटानं पुसून खातो ना, तितक्या साधेपणानं.

मी समजत होते की तीही केळीलाच घालत असेल. दोन वर्षं मी तसंच समजत आले होते, कारण तसं समजणं सोयीचं होतं.

"मैनाबाई," मी म्हटलं, "तुला भीती नाही गं वाटत?"

ती दचकली नाही. "वाटते ना. पोटात गोळा येतो बगा दर टायमाला. म्हनून तर डोले मिटते. तुमाला काय वाटलं, भक्तीनं मिटते?" आणि पदरात तोंड घालून हसली.

मी हसले नाही. भीती नसलेली माणसं मी पाहिली होती. त्यांचं काही वाटत नसे. पोटात गोळा घेऊन दर दोन महिन्यांनी माझ्याच मोरीवर कोणी असं उभं राहत होतं, आणि मी पलीकडच्या खोलीत चटया गुंडाळत होते. देवळात गेल्यावर वाटतं म्हणतात तसं काहीतरी मला माझ्या मोरीपाशी वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चैन पडेना म्हणून मी मैनाबाईच्या खोलीवर गेले. दार उघडं होतं. सत्यवती पाटावर बसली होती, तिची पावलं मैनाबाईच्या मांडीवर. मैनाबाई तळवे तपासत होती. तांदूळ निवडताना खडा शोधतात तशी बोटांच्या बेचक्यातून, टाचेच्या भेगांतून तिची बोटं फिरत होती. मला पाहताच सत्यवतीनं पाय ओढून पातळाखाली घेतले, "सलाम वहिनी" म्हणाली आणि शिवणाचं निमित्त करून निघून गेली.

"रोज बगावं लागतं," मैनाबाई म्हणाली. "काटा भरला, काच घुसली, तिला कलत नाय. परवा चुलीतला निखारा पायाखाली आला. वास आला तवा समजलं."

"तू दवाखान्यात आहेस. डॉक्टरांना का नाही सांगत?"

"गोल्या आल्यात ना आता! सरकारी, फुकट. बरी होनारी मानसं मी या डोल्यांनी बगितलीत. पन नाव लिवल्याबिगर देत नाय. मी बोलले तिला. म्हनते, शांतीचं लगीन होऊं दे. तवर बोटं थांबतील का?"

"मग तूच लिहून टाक तिचं नाव."

मैनाबाईनं तेलाची वाटी झाकून ठेवली. "ते तिच्या तोंडचं हाय वहिनी. मी कसं हिसकून घेऊं? ती बोलली नि सगली पलाली तर? म्हनून मी आपली हाय तितंच हाय. एक दिस तिला वाटंल, निदान एक जन तरी हलनार नाय."

मला वाटलं होतं ती उरलेला घोट रीत म्हणून पिते. आमच्यापैकी सगळ्यांत अडाणी बाईनं एका माणसाला बोलतं करण्यासाठी केवढी मोठी वाट धरली होती, आणि ती वाट माझ्या घरातून जात होती.

पुढल्या दोन महिन्यांत मास्तर आणि आमचे हे यांच्यात पुष्कळ खलबतं झाली. पाळकसाहेबांना पत्र गेलं. मुंबईच्या मंडळ्यांमध्ये आता प्रत्येकाला वेगळा लहानसा ग्लास देतात, आरोग्याच्या दृष्टीनं ते बरं, आपणही तसं करावं, असा मजकूर. सत्यवतीचं नाव अर्थातच नाही. ठरल्या रविवारी पाळकसाहेब पेंढ्यात गुंडाळलेल्या ग्लासांचं खोकं काखेत मारून एस्टीतून उतरले.

ग्लास सुबक होते. हौसावहिनींनी तर उजेडात धरून पाहिले. तबकात मांडून, पितळी प्याल्यातून मनुकांचं पाणी भरून ते पुढून मागं फिरवले, आणि फिरता फिरता संपले. ग्लास डझनावर मिळतात. आम्ही चौदा. गणिताचे मास्तर मंडळीत असून हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटी बसलेली सत्यवती आणि तिच्याशेजारची मैनाबाई, दोघींपुढं रिकामं तबक आलं.

मास्तरांनी आता डोकी मोजली.

"दोन ग्लास धुऊन पुन्हा भरू," आमचे हे म्हणाले.

"कोणाचे?" मास्तरांनी विचारलं.

यावर जो तो आपल्या ग्लासाकडे पाहू लागला. हौसावहिनींनी तर मूठ आवळली. यांची चलबिचल झाली, आणि काहीतरी तोड काढायची म्हणून ते घाईघाईनं बोलून गेले, "तसं काही नाही, ते दोन बाजूला ठेवू. खालून खूण केली की झालं."

यांचं मन वाईट नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी एवढं सांगू शकते. पण 'खूण' हा शब्द खोलीत पडला आणि उचलायला कोणी पुढं येईना. पाळकसाहेबांनी चष्मा काढून हातात घेतला. दाराशी पोरांत बसलेल्या शांतीनं मान खाली घातली.

मैनाबाई उठली. मेजावरच्या पितळी प्याल्यात थोडं उरलं होतं. तिनं कोणाला विचारलं नाही. प्याला उचलला, सगळ्यांसमोरून चालत मागं आली आणि सत्यवतीपुढं धरला.

"घे गं. तुज्या मागून मी घेते."

सत्यवतीनं प्याला दोन्ही हातांत घेतला. वळलेली करंगळी पितळेला टेकली नव्हती, वेगळीच राहिली होती. ती प्यायली. मैनाबाईनं तिच्या हातातून प्याला घेतला, फिरवला नाही, पुसला नाही, जिथं तिचे ओठ लागले होते तिथूनच प्यायली. आम्ही बाराजण बघत होतो. मी माझा ग्लास न पिता चटईवर ठेवला. मला तेवढंच जमलं.

"मैनाबाई," सत्यवती म्हणाली. आवाज बारीक, पण स्पष्ट. "मोरीवर तू काय करतेस ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. दोनदा पाणी ओतल्याचा आवाज येतो. घरी जाऊन मी दर वेळी तुझे हात आठवून बघते, कुठं चट्टा उठला का."

"नाय उठला," मैनाबाई म्हणाली.

"उठला असता तर?"

"तर दोगी मिलून पाय बगितले असते एकमेकींचे."

सत्यवती उभी राहिली. दोन वर्षं उजव्या हाताभोवती गुंडाळलेला पदर तिनं सोडला. एकदा दाराकडे, शांतीकडे पाहिलं. शांतीनं मान वर केली होती. मग ती पाळकसाहेबांकडे वळली नाही, मास्तरांकडेही नाही. सगळ्या खोलीला एकदमच म्हणाली,

"ग्लासाला खूण करू नका. उद्या मी मैनाबाईबरोबर दवाखान्यात नाव लिहायला जाणार आहे. मला महारोग झालाय."