ढिल्या पायाचा ट्रायपॉड

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. माझ्या तीन पायांवर कॅमेरा स्थिर उभा राहतो. माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही, आणि त्याला कारण विश्वजीत आहे.

आधी मी धम्मपाल सरांकडे होतो. रात्रीच्या डोंगराचा फोटो काढायचा तर ते शटर तासभर उघडं ठेवत. तेवढ्यात तारे सरकतात आणि फोटोत त्यांच्या रेषा उमटतात. मी जरा हललो की सगळं मुसळ केरात. म्हणून घरी आल्यावर सर आधी माझे पाय पुसायचे, स्क्रू आवळायचे, मगच जेवायला बसायचे. पुढे त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि त्यांनी मला विश्वजीत या पट्टशिष्याच्या हवाली केलं.

विश्वजीतने वर्षभर माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. लेन्सला मात्र मखमली रुमाल! माझा एक पाय ढिला झालाय हे त्याला ठाऊक होतं. "चालतंय," म्हणायचा.

फोटोंच्या एका स्पर्धेची मुदत संपायच्या आदल्या रात्री विश्वजीतसाहेब मला घेऊन दौलताबादला गेले. किल्ल्याखालच्या शेतात कडूबाई नावाच्या मेंढपाळ बाईंची मेंढरं बसली होती. जवळच त्यांचा दिवा जळत होता.

"मावशी, तासभर दिवा बंद ठेवा."

"कोकरं हायती बाबा. लांडगा येतो."

"एकच तास. स्पर्धेचा फोटो हाय."

बिचारीने दिवा मालवला आणि काठी घेऊन अंधारात कोकरांपाशी उभी राहिली. चाळिसाव्या मिनिटाला माझा पाय सर्रकन घसरला आणि कॅमेरा कलला. विश्वजीतने मला लाथ घातली. "भंगार!"

दुसऱ्या दिवशी सरांसमोर मात्र वेगळीच कथा. "सर, एका मेंढपाळ बाईनं मधीच दिवा लावला. फोटो गेला."

मला बोलता येत असतं तर! जिने याच्यासाठी जीव मुठीत धरला, तिच्याच माथी याने खापर फोडलं. इतका कोडगा माणूस मी पाहिला नाही.

सरांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "दिव्यानं उजेडाचा डाग पडतो, विश्वजीत. इथं सगळ्या रेषा एकाच जागी मोडल्यात. पाय घसरलाय." मग त्यांनी माझा पाय हलवून पाहिला. "आधी त्या बाईची माफी माग, जा."

"सर, आज शेवटची तारीख हाय..."

सरांनी मला आपल्याकडे ठेवून घेतलं. बरंच झालं.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा. नाहीच जमलं, तर बिघडल्यावर "चूक माझी" एवढं तरी म्हणा. विश्वजीत अजून दौलताबादला गेलेला नाही.