डेल्फिनाचं सूप कोण पिणार?

ओरुरो शहराच्या बाजारात पंधरा दिवस चाललेल्या कुजबुजीला सोमवारच्या बैठकीत तोंड फुटलं. फोडलं सातुर्निनानं. विक्रेत्या बायकांच्या संघटनेची ती प्रमुख. आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम पेय, विकायची आणि तिचा आवाज तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचा.

"डेल्फिनाची जागा मागे न्यायची," ती म्हणाली, "कोंबड्यांच्या पिंजऱ्यांपाशी. हात वर करा!"

डेल्फिना तिच्या अगदी शेजारी, अकरा वर्षं शेंगदाण्याचं सूप विकत होती. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेऊन सात महिन्यांनी ती परत आली होती. टोपीखाली डोक्यावर अजून नुसते केसांचे खुंट होते.

"का गं? चोरी केली मी?"

"तुझ्या हातचं सूप कोण पिणार? तुझ्यापायी माझीही गिऱ्हाईकं पळाली! रोग नाही तर ती मशीनची किरणं, काय काय भरून आणलंयस अंगात, देव जाणे!"

"किरणं मशीन बंद केलं की संपतात. आणि कॅन्सर काय सर्दी आहे, शिंकले की लागायला? केस औषधानं गेले, ते येतील. तुझ्या डोक्यातला कचरा कशानं जाणार?"

तरी सात हात वर झालेच! अकरा वर्षांत तिच्या भांड्यातलं सूप न प्यायलेली त्यात एकही नव्हती.

"खाली करा ते हात!" दोन्या प्रिमितिवा उठली. सत्तरीची, जडीबुटी विकणारी. अख्खा बाजार तिला मानानं 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

"दोन्या, तुम्ही यात पडू नका."

"पडणार! माझ्या बहिणीची गाठ दोन वर्षं मी पाल्याच्या लेपाखाली झाकली. डॉक्टर सुई टोचून तुकडा काढतात, त्यानंच ती पसरते, असं तिला कुणी सांगितलं? मी! ती पसरली उपचाराला उशीर झाल्यानं. मेली माझी बहीण. माझा पाला पोटदुखीला चालतो, कॅन्सरला नाही. पाला विकून पोट भरणारी मी हे सांगतेय, कळलं?"

बैठक तिथंच मोडली, डेल्फिनाची जागा होती तिथंच राहिली. सातुर्निना पाय आपटत प्रिमितिवाच्या दुकानापर्यंत गेली.

"भर बैठकीत नाचक्की केलीत माझी!"

प्रिमितिवानं आवाज खाली आणला. "गुडघ्यासाठी म्हणून चार महिने लेप नेतेस. गुडघ्याचा लेप ब्लाउजला काखेपाशी डाग पाडतो होय गं?"

सातुर्निनानं हात काखेशी दाबून धरला. चार महिन्यांपूर्वीच्या कार्निव्हलपासून तिला स्तनात गाठ हाताला लागत होती. आता काखेतही लागायची. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलींनाही नाही. डेल्फिनाचं ते डोकं रोज समोर दिसलं की आपलंही असंच होणार, असं वाटायचं. ते तिला नजरेआड हवं होतं, एवढंच!

"डेल्फिनाला सांगाल तर याद राखा," ती कशीबशी म्हणाली.

"तिनं ऐकलंय," मागून डेल्फिना म्हणाली. "'बरं झालं' म्हणायला जीभ वळवळतेय माझी. उद्या सहाच्या बसनं मी तपासणीला कोचाबांबाच्या इस्पितळात जातेय. यायचं तर ये. फक्त शेजारी बसू नकोस, रोग लागेल!"

सातुर्निना गेली. बसमध्ये चार तास दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

तिथं सुईनं गाठीचा तुकडा काढला, तो तपासणीला गेला. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला. कॅन्सरच होता; आधी औषध द्यावं लागेल, म्हणाल्या.

"हिची नुसती गाठ काढलीत," सातुर्निना डेल्फिनाकडे बोट दाखवून खेकसली, "मग मला आधी औषध का? मला फसवताय?"

"त्यांची गाठ लहान होती. तुमची मोठी आहे, काखेतही पोचली आहे. आधी औषधानं ती आकसवू, मग शस्त्रक्रिया. कदाचित स्तन काढावा लागेल, नंतर किरणं. प्रत्येकीचा कॅन्सर वेगळा, उपचारही वेगळा. पर्याय मी सांगेन, ठरवू दोघी मिळून."

"मी मरणार का?"

"तसं आज म्हणायचं कारण नाही. उपचार आहेत. चार महिन्यांपूर्वी आला असतात तर सोपं गेलं असतं."

चार महिने! तेवढे महिने स्वतःची गाठ लपवून ती दुसरीला मागे हाकलायला निघाली होती!

औषधं सुरू झाली, केस गेले. पुढच्या बैठकीत सातुर्निनानं सगळ्यांसमोर टोपी काढली.

"डेल्फिनाचा अपमान मी केला. रोग तिच्याकडून कुणाला लागत नव्हता, भीती माझ्याकडून तुम्हाला लागली. चुकले मी!"

"माफ करायला मला वेळ लागेल," डेल्फिना म्हणाली. "बस खाली. चक्कर येईल."

सातुर्निनाचा एक स्तन गेला. ती वाचली आहे, रोज गोळी घेते, दर काही महिन्यांनी तपासणीला जाते. डेल्फिना अजूनही तिच्याशी तुटकच बोलते. पण तपासणीला दोघी एकत्र जातात.

वाचकहो, आपल्याही घरात कुणी गाठ लपवत असेल, तर ती नुसती रोगाला भिऊन नव्हे, आपल्या बोलण्याला भिऊन लपवत असेल. आधी आपली जीभ आवरा. मग तिचा हात धरा आणि उशीर होण्याआधी तिला डॉक्टरकडे न्या!