दोऱ्याला लागलेले मासे

“ह्यास्नी हात लावला की मला आंघोळ करावी लागंल,” लाकडी पेटीचं झाकण उघडत शिवांजलीबाई म्हणाल्या.

“अगं, चित्राचा कसला आलाय विटाळ!” वीरभद्रअप्पा हसले.

अप्पांचा उभा जन्म भूमच्या पेठेत शिवणयंत्रावर गेला. त्यांच्या उमेदीच्या काळात दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यात कंपनीचं एक रंगीत जाहिरातीचं कार्ड निघायचं. कार्डावर हमखास मासा. शिवणाच्या दोऱ्याला होडीएवढा मासा लागलाय, होडी कलंडलीय, पण दोरा काही तुटत नाही! शिलाईवर शंका घेणाऱ्या गिऱ्हाइकासमोर अप्पा बोलत नसत, नुसतं कार्ड ठेवत. लिंगायताच्या घरात मासा नको, म्हणून बाईंनी ती पेटी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. आता काचबिंदूनं अप्पांची नजर गेली, दुकान मिटलं, आणि पेटी घरी आली.

“मला तर दिसत न्हाय. तू बघून सांग, म्या ऐकतो.”

बाईंनी वरचं कार्ड काढलं. “तोंड बघा मेल्याचं, तव्याएवढं! अंगावर जोंधळ्याच्या कणसावानी दाणंच दाणं.”

“खवलं म्हंत्यात त्याला. आन् दोरा?”

“हाय की. लई ताणलाय.”

अप्पांनी समाधानानं मान हलवली.

दुसरं कार्ड उचलायला गेल्या तर बोटांत नुसता भुगा आला. वाळवीनं खालची सगळी चळत पोखरली होती. बाईंनी वर पाहिलं. मान किंचित तिरकी करून अप्पा वाट पाहत होते. खरं सांगायला बाईंनी तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

“ह्यो निळा हाय. मोराच्या मानंवानी.”

“मग?”

बाईंनी आयुष्यात जवळून मासा पाहिला नव्हता. जे ठाऊक होतं तेच माशाला घालत गेल्या. “जरीकाठी शेपूट हाय. डोळ्यांत काजळ. नाकात नथ.”

अप्पांचा हात चाचपडत पेटीत शिरला. बोटं तळाशी फिरली आणि भुग्यात थांबली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

“नथ हाय म्हंतीस?”

“व्हय.”

“असला मासा आपल्याकडं कवा व्हता?”

“आता हाय,” बाई हळूच म्हणाल्या.

अप्पांनी बोटं धोतराला पुसली आणि भिंतीला टेकून बसले.

“बरं,” ते म्हणाले, “फुडचा सांग.”