भिंतीवरची साथ

गिटार शिकवणाऱ्या बाईंना ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा हसावं की आल्या पावली परतावं, हेच चष्मेवाल्याला सुचेना. पण बाईंनी तोवर खुर्ची पुढे ओढली होती आणि त्याच्या गिटारच्या लाकडावर तळहात टेकवला होता.

"वाजवा," त्या म्हणाल्या.

चष्मेवाला म्हणजे चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासणारा माणूस. पंचेचाळिशीत त्याने गिटार हातात घेतली. बोटं सरावली, सूरही चुकेनासे झाले. पण आवाज कसा, तर फरशीवर चमचे सांडावेत तसा. बायको म्हणायची, "छान वाजवता हो, पण दार लावून वाजवा." शेवटी कुणीतरी या बाईंचं नाव सुचवलं. दुपारी दुकान बंद असे, तेवढ्या वेळात त्यांच्याकडे जायचं ठरलं.

त्याने चार सूर वाजवले. बाईंनी काहीतरी टोचल्यासारखा हात काढून घेतला.

"ओरबाडताय तारेला! नखं दाखवा." स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या सगळंच मोठ्याने बोलत. "ही नखं आहेत की करवत? आधी बोटाचं मांस तारेला टेकू द्या, मग नख. तार वर खेचायची नाही. आत दाबायची आणि सोडून द्यायची. दाबणं सगळ्यांनाच जमतं, सोडणं जमत नाही."

काचा घासणाऱ्या माणसाला कड गुळगुळीत करायला शिकवावं लागत नाही. दुकानातला सगळ्यात बारीक पॉलिश पेपर घेऊन तो नखांच्या मागे लागला. नख थोडं तिरपं केलं, थोडं कमी केलं, मग काचेसारखं चकचकीत. गिऱ्हाईकं त्याच्या हाताकडे बघून गालातल्या गालात हसत. हसोत बापडी.

एके दुपारी मधल्या बोटाचा एक सूर असा काही गोल, भरीव उमटला, की तो स्वतःच दचकला. आणि त्या सुरामागून, किंचित उशिराने, भिंतीवर काहीतरी घुमलं. बाईंच्या पाठीमागे खुंटीला कापडी खोळ घातलेली एक गिटार टांगलेली होती.

"ती गिटार घुमतेय," बाईंना ओठ वाचता यावेत म्हणून तो सावकाश म्हणाला.

बाईंनी वळून खुंटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "धाकट्या बहिणीची आहे. ती नाही आता. एक तार वाजली की जवळची दुसरी घुमते कधीकधी. लक्ष नका देऊ."

हे त्यालाही ठाऊक होतं, त्यामुळे पटलं. उलट त्याला बरंच झालं. सूर भसाडा लागला की भिंत गप्प. नीट लागला की भिंत बोलते. परीक्षा घेणारं घरातच कुणीतरी मिळालं. महिन्याभरात भिंत जवळजवळ प्रत्येक सुराला बोलू लागली. एकच गोष्ट मनात खुपत होती. तिकडून येणारा सूर त्याचाच नसे. त्याच्या जोडीचा असे, साथीला वाजवावा तसा.

मग बाईंची भाची साफसफाईला आली. खोळ धुवायला काढायची म्हणून तिने गिटार खाली उतरवली आणि चष्मेवाल्याचा हात तारेवर तसाच राहिला. त्या गिटारला एकही तार नव्हती. तारा अडकवायच्या घोडीवर धुळीचा थर आणि सहा रिकामी भोकं.

"काका, असे काय बघताय?"

"तारा कुठायत हिच्या?"

"आई गेली त्याच दिवशी मावशीने तोडल्या. पक्कड घेऊन. मी तिथेच उभी होते."

बाईंनी दोघांचे ओठ वाचले. "दोघी मिळून वाजवायचो आम्ही," त्या म्हणाल्या. "माझे कान गेले तेव्हा ती म्हणाली, ताई, तुझ्याशिवाय नाही वाजवणार. एकदा बाहेरून आले, दाराला हात लावला, तर दार थरथरत होतं. आत एकटीच वाजवत बसलेली. मी बोलणं टाकलं तिच्याशी. ते पुन्हा सुरू करायचं राहूनच गेलं."

त्यांनी ती मुकी गिटार मांडीवर घेतली. तिच्या पोटावर तळहात पसरला. "वाजवा."

त्याला वाजवायचं नव्हतं, पण बोटं आता त्याचं ऐकणारी राहिली नव्हती. सूर लागला. त्यामागून दुसरा आला, बाईंच्या मांडीवरून. बाईंनी डोळे मिटले.

"अजून मागेच पडते," त्या म्हणाल्या. हसत होत्या आणि गालावरून पाणी ओघळत होतं. "कितीदा सांगितलं हिला, माझ्याबरोबर ये म्हणून."

त्या दिवसापासून बाकीच्या शिकवण्या बंद झाल्या. त्याने रोज यावं, रोज वाजवावं. बाई वाळत चालल्या. ताटातलं अन्न तसंच राहू लागलं. एकदा भाची थेट दुकानात येऊन उभी राहिली.

"काका, मावशी ती गिटार मांडीवरून खाली ठेवत नाही. मी हाक मारली तर माझ्याकडे अशी बघते, की मी कोण तेच तिला आठवत नाही. काहीही करा, पण तुमचा हात बिघडवा."

चष्मेवाल्याने त्याच दुपारी नखं मुळापासून कापली.  मग बाईंसमोर बसून त्याने वाजवलं. आवाज तोंडात बोळा कोंबल्यासारखा, बोदा. मांडीवरची गिटार गप्प. बाई बराच वेळ तळहात टेकवून थांबल्या, मग त्याची बोटं हातात घेऊन बघितली.

"मुद्दाम कापलीत."

"हो, बाई."

"कधी वाढतील?"

"वाढवणार नाही मी."

बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ओठांकडे बघायचंच नाही म्हटल्यावर त्यांच्याशी बोलायला दुसरी वाटच नव्हती. तो गिटार घेऊन उठला.

भाचीने त्यांना आपल्या घरी नेलं. हळूहळू त्या जेवू लागल्या, शेजारच्या मुलींना दोन सूर शिकवू लागल्या, असं कानावर येत राहिलं. वर्ष उलटल्यावर निरोप आला, मावशी बोलावते आहे, नखं वाढवून या. भाची म्हणाली, आता काळजी नाही, ती स्वतःहून म्हणतेय.

नखं वाढल्यावर एका भरदुपारी, भाचीच्या घरी खिडकीपाशी उन्हात तो वाजवायला बसला. बाई समोर, तीच गिटार मांडीवर, एक तळहात तिच्या पोटावर, दुसरा त्याच्या गिटारवर. त्याने जपून सुरुवात केली. हात पुन्हा बसायला वेळ लागला नाही. बाईंचा चेहरा आधी ताणलेला होता, मग तो सैल झाला.

"गेली," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या. "लाकूड अगदी थंड आहे. आता नुसते तुम्हीच आहात. आवाज छान झालाय हो तुमचा. गेली ना?"

चष्मेवाल्याला साथ ऐकू येत होती. बाईंच्या मांडीवरून नव्हे. ती त्याच्या उजव्या खांद्यामागून येत होती, मान वळवली तर गालाला गाल लागावा इतक्या जवळून, आणि नेहमीसारखी किंचित मागे पडत होती.

त्याने मान वळवली नाही. बाईंना नीट वाचता यावं म्हणून ओठ सावकाश हलवले.

"हो, बाई. गेली."

"मग पुन्हा एकदा वाजवा. माझ्यासाठी."

त्याने वाजवलं. या वेळी लय जरा धीमी ठेवली, मागून येणारीला गाठता यावं म्हणून.