मनातली मोजणी

दिगंबर पाटणकरांना सात वर्षांत एकदाही नाला ओलांडता आला नव्हता. पेपर मिलच्या क्लबाचं गोल्फचं मैदान जुनं, जेमतेम नऊ होलांचं. त्यातल्या सहाव्या होलाआधी हा नाला आडवा येई. बाकीच्यांचे बॉल पलीकडे जात, दिगंबररावांचा डुबकन आत.

"मासे वाट बघतायत बरं का तुमची," अरविंद कुलकर्णी दर रविवारी म्हणत आणि दिगंबररावही सगळ्यांबरोबर हसत.

मैदान मार्चमध्ये बंद होणार असं कळलं, तेव्हा मात्र त्यांना हसू आलं नाही. हा नाला ओलांडायचा राहिला तर आपण जन्मभर अलीकडचेच राहू, असं त्यांच्या मनानं घेतलं.

म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी ते रोज सकाळी लालबागच्या घरून राजपुरा मोहल्ल्यातल्या जिममध्ये जाऊ लागले. जिम म्हणजे पूर्वीची तालीमच. मशिनी नव्या, पण कोपऱ्यात एक जुना लाकडी मुद्गल उभा होता. जिम चालवणाऱ्या ललितनं तोच त्यांच्या हातात दिला.

"काका, गोल्फला कंबर फिरली पाहिजे ना? मग हा फिरवा. फक्त गिनती तोंडानं करायची, जोरात. इथला पुराना कायदा आहे."

"आणि मनात मोजलं तर?"

"तर दुसरं कोणी मोजतं," ललित हसला. "आजोबा सांगायचे माझे."

शेजारची पोरं शंभर-शंभर फेऱ्यांच्या गोष्टी करत होती. त्यांच्यासमोर 'सात, आठ' असं ओरडायची दिगंबररावांना लाज वाटली. ते मनातच मोजू लागले.

तिसऱ्या आठवड्यात एकदा दहा झाले. ते थांबणार, तोच पाठीमागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "अकरा."

मुद्गल फिरला.

"बारा."

वळून पाहिलं तर नुसती भिंत. पोरांपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. उद्यापासून मोठ्यानं मोजायचं, असं त्यांनी घाम पुसतापुसता ठरवलं. पण त्याच दुपारी लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण त्यांच्या हातून सहज निघालं. "अगंबाई, जिम लागली की अंगाला!" त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दिगंबरराव गप्पच राहिले. आवाज चाळिसावर गेला, मग साठावर. सदरे खांद्यात उसवू लागले.

शेवटच्या रविवारी ते नाल्याच्या काठावर उभे राहिले. मागे सगळा क्लब जमला होता. त्यांनी गोल्फची काठी उचलली आणि मानेवर कोणाचा तरी श्वास आला.

आत्ता तोंडानं 'एक' म्हटलं तर हे थांबेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग फटका आपला होईल, आणि बॉल पाण्यात जाईल. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"एक."

बॉल नाल्यावरून गेला, पलीकडच्या बाभळींवरूनही गेला आणि दिसेनासा झाला. टाळ्या पडल्या. अरविंदरावांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दिगंबरराव," ते हळूच म्हणाले, "तुमच्या मागून मोजतंय कोण?"

"दोन."

जमिनीवर बॉल नव्हता, तरी काठी सपकन फिरली. माती उडाली. एकेक टाळी थांबली, लोक मागे सरकले. दिगंबरराव 'बस' म्हणायला गेले. ओठ हलले, पण शब्द काही फुटेना, आणि हात पुन्हा वर निघाले.